सात नंबरची भिंत

६ फेब्रुवारी

आणि वर म्हणतो, "हौद बुजवायचा नाही म्हणजे नाही." म्हणजे पैसे मी पाठवायचे, खोली माझ्या पैशांनी उठणार, पण जागा मात्र हौद सोडून कुठलीही. अंगणात हौद सोडला तर उरतं काय? संडास आणि वहिनींची कपड्यांची दोरी. दोरीवर बांधू का खोली, असं मी फोनवर विचारलं. दादा म्हणाला, "तुम्ही सिमेंटवाले. तुम्ही कशावरही बांधाल." आणि फोन वहिनींच्या हातात देऊन निघून गेला. हे नेहमीचंच. तो एक वाक्य टाकतो आणि उठतो, मग मी वहिनींना बोलतो, त्या बिचाऱ्या "हो ना, हो ना" करत राहतात.

हौद म्हणजे पाण्याचा नव्हे. असता तर गोष्ट वेगळी. तो चुन्याचा हौद आहे. बाबा चुन्याचे गवंडी होते, दादाही तेच शिकला. चुनकळी आणायची, पाण्यात विझवायची, तिचं लोण्यासारखं झालं की हौदात पाण्याखाली मुरत ठेवायची आणि वाट बघत बसायचं. बाबा गेले त्याला किती वर्षं झाली, त्यांनी घातलेला चुना अजून तसाच मुरतोय. दादा रोज सकाळी उठून बघतो, वर पाणी आहे ना. कमी असलं की बादली ओततो. म्हैस पाळल्यासारखं. म्हैस निदान दूध देते.

मी पोत्यातलं सिमेंट शिकलो. आज लावलं, उद्या कडक, परवा पैसे हातात. बाबांच्या तोंडावर सांगून घराबाहेर पडलो होतो की चुना मेला आता. मग त्याचं मढं अंगणात कशाला ठेवलंय?

घरखर्चाचे सहा हजार पाठवले. खोलीसाठी यापुढे एक पैसाही नाही.

ही डायरी मुकादमाने दिली. गेल्या वर्षीची आहे, वार चुकतात. ठेकेदाराने फुकटात वाटली म्हणे. फुकटचं असंच असतं. पण फोनवर तोंडात येतात ते शब्द इथे उतरवले की पुढचा फोन जरा बरा जातो, म्हणून लिहितो.

९ फेब्रुवारी

झोप नाही. आम्ही बारा जण जुन्या रनिंग रूममध्ये राहतो. पूर्वी गाडी आणणारे ड्रायव्हर इथे दोन गाड्यांच्या मधे पाठ टेकायचे. त्यांना एक डुलकी पुरत असेल, आम्हाला इथे वर्षं काढायची आहेत. बारा माणसं, चोवीस मोजे, एक खिडकी.

गावही तसंच. रेल्वेने बसवलं आणि रेल्वेनेच टाकून दिलं. इंजिन शेड आहे, इंजिन नाही. म्हणजे एक आहे, रंगवलेलं, लोकांनी फोटो काढायला. सकाळ-संध्याकाळ शेडचा भोंगा अजून वाजतो, का, तर पाहुण्यांना आवडतो. कामावर जायला तो लागत नाही, पण मी त्याच्या आधीच उठून बसलेला असतो. सवय लागली, दुसरं काय. क्वार्टर्सची लांबलचक रांग, लाल विटांची, दोन-दोन घरं पाठीला पाठ लावून उभी, मधे एकच भिंत, वर एकच धुराडं. प्रत्येक दारावर पितळेची पाटी: इथे फायरमन राहत, इथे पॉइंट्समन राहत. आमच्या दारावर पाटी नाही, तरी काल एका बाईने दोरीवरच्या माझ्या बनियनचा फोटो काढला. जुनं काहीतरी वाटलं असेल. जुनं आहेच म्हणा.

१४ फेब्रुवारी

सहा नंबरच्या गार्डकाकूंची पायरी खचली होती, सुट्टीच्या दिवशी जाऊन बसवून दिली. त्यांचा नवरा मालगाडीचा गार्ड होता, म्हणून गार्डकाकू. रेल्वेने क्वार्टर्स विकायला काढली तेव्हा दोघांनी सहा आणि सात अशी दोन्ही घेऊन टाकली. आता एकटीला दोन घरं झेपत नाहीत, सात विकायचंय.

चहा देताना म्हणाल्या, "तूच घे की."

"मी?"

"का? रनिंग रूमवाल्याने घर घेऊ नये असा कायदा आहे का?"

मी हसलो. पण घरी येऊन, म्हणजे रनिंग रूमवर येऊन, पडलो आणि तेच डोक्यात. दोन खोल्या, मागे मोरी, समोर स्वतःचं दार. दार लावलं की लागतं. दादाच्या हौदाला विचारायला नको. त्याला दाखवूनच देतो.

२० फेब्रुवारी

बँकेत गेलो. कर्जवाली बाई माझ्याच वयाची असेल, पण खुर्चीमुळे मोठी दिसते.

"शिक्षण?"

"सातवी."

"पास की नापास?"

"घर कोणाला देणार, मला की सातवीला?"

हसली. म्हणाली, "रकाना आहे, भरावा लागतो." मी म्हटलं, परीक्षेच्या दिवशी कामावर होतो, यात काय बसतं ते लिहा. तिने काय लिहिलं ते दिसलं नाही.

शेवटी असं ठरलं की ठेकेदाराने पगाराचं पत्र दिलं तर बँक किमतीच्या चार आण्यांतले तीन आणे देईल, एक आणा माझा. तो माझ्याकडे आहे, जेमतेम. खोलीचे पाठवायचे राहिले म्हणून आहे. पण आधी त्यांचा माणूस घर बघून किंमत ठरवणार.

काकूंनी एप्रिल अखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यापुढे नाही, कारण हॉटेलवाला मागे लागलाय. त्याला सात नंबरमध्ये पाहुणे उतरवायचे आहेत, "गार्डचे घर" अशी पाटी लावून. जास्तच देतोय माझ्यापेक्षा.

२३ फेब्रुवारी

आज सात नंबरमध्ये दिवसभर एकटा होतो. काकूंनी किल्ली दिली. खोल्या छान आहेत, पण मधली भिंत, काकूंच्या आणि माझ्या मधली, गुडघ्यापर्यंत पोपडे आलेली आणि खिडकीखालून एक भेग वर गेलेली. किंमत ठरवणारा आला आणि ही बघितली तर माझं कर्ज भेगेतच जाईल.

मग म्हटलं, गवंडी कशाला झालो? पोपडे खरवडले, भेग भरली, एकास चार माल कालवला आणि भिंत खालपासून वरपर्यंत लिंपून काढली. ओळंबा लावून बघितला, केसभर फरक नाही. रंध्याचा हात असा फिरला की भिंतीत तोंड दिसावं. इतकं चांगलं काम ठेकेदाराकडे आजवर केलं नाही, करणारही नाही.

काकू संध्याकाळी आल्या. भिंतीवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या.

"हे कशाला रे केलंस?"

"भेग होती काकू."

"होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून होती. आमचे हे म्हणायचे, या भिंतीला घाम येतो, तिला येऊ द्यावा."

एवढं मर मर राबून एक शब्द चांगला नाही. बायकांना जुन्याचाच पुळका.

२६ फेब्रुवारी

वहिनींना घराचं सांगितलं. त्या खूश झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तिकडचेच होणार." मी म्हटलं, इकडे काय, तिकडे काय. मग भिंतीचं सांगितलं. मागून दादाचा आवाज, "कुठला माल लावला विचार."

"सिमेंट म्हणावं. एकास चार."

मग दादा, लांबूनच, "त्याला म्हणावं, भिंत चाटून बघ."

माझं डोकंच फिरलं. भावाने घर घेतोय म्हणून सांगितलं, तर भिंत चाट! हे बोलणं आहे? मीच कट केला.

११ मार्च

काकूंच्या बाजूला ओल आली. आधी आली नव्हती. त्या भिंतीवर त्यांनी नवऱ्याचा कंदील, शिटी आणि हिरवं-लाल अशी दोन निशाणं लावून ठेवली होती, ती खुंट्यांसकट खाली आली. कंदिलाची काच गेली.

मी म्हटलं, "खुंट्या सैल झाल्या असतील."

"असतील," काकू म्हणाल्या. काचा एका कागदात गोळा केल्या, फेकल्या नाहीत.

पाण्याची जुनी टाकी आमच्या रांगेच्या टोकाला आहे, इंजिनाला पाणी देणारी. कधीपासून गळतेय. जमीन कायम ओली. ओल त्यामुळेच असणार. माझ्या बाजूला बघा ना, कोरडी ठणठणीत.

१५ मार्च

वाट लागली.

किंमत ठरवणारा आला. बारीक माणूस, काखेत छत्री. बाहेरून बघितलं, छप्पर बघितलं, मोरी बघितली, मान हलवत होता. मग मधल्या भिंतीपाशी येऊन थांबला. बोटाच्या पेराने वाजवलं. टक. टक.

"हे कधीचं?"

"गेल्या महिन्यातलं. मीच केलं," मी म्हटलं. फुशारकीनेच म्हटलं, आता लिहायला काय हरकत.

"खाली काय लपवलंय?"

"लपवलं कुठे? भेग होती, बुजवली."

"केवढी?"

"होती अशीच."

"अशीच म्हणजे? बोट जाईल एवढी? हात?"

"बोट. करंगळी."

"आता ते कोण सांगणार?" तो म्हणाला. "भेग दिसली असती तर मी भेग लिहिली असती, चार पैसे कमी केले असते, संपलं असतं. तुम्ही इतकं सुंदर लिंपलंय की मला दुसरं काही दिसतच नाही."

मग पलीकडे जाऊन काकूंची भिंत बघून आला. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतलं पाणी इकडून निघत नाही, तिकडून निघतं, असं म्हणाला. शिवाय ही सगळी रांग जपायच्या यादीत आहे, इथे चुन्याशिवाय काही लावायचं नाही असा नियम आहे. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा झाला आणि भिंत सुकायला लागली तर कर्ज, नाहीतर नाही. पंचवीस एप्रिलला परत येतो म्हणाला.

चुना! जगात एवढ्या वस्तू आहेत.

१६ मार्च

मुकादमाला सांगितलं तर पोट धरून हसला. रनिंग रूममध्ये तर करमणूकच झाली. एक म्हणतो, "बँकेला चुना लाव आणि मोकळा हो." दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा मुलगी दिसायला वाईट होती तेच बरं होतं, पावडर लावलीस आणि पाहुणे पळाले." हसून घ्या लेकांनो. तुमचे मोजे आधी धुवा.

२२ मार्च

सिमेंट काढतोय. कामावरून सुटलो की छिन्नी-हातोडा घेऊन सात नंबर. माझाच माल इतका पक्का बसलाय की निघताना विटेचं तोंड घेऊन निघतो. एखाद्याने चोराला पकडावं आणि तो आपलाच पोरगा निघावा तसं झालंय. काकू पलीकडून ठोके ऐकून थोड्या वेळाने पाणी आणून देतात, काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द सुनावता आले असते.

भेग परत उघडी झाली. करंगळीच जाते. खोटं बोललो नव्हतो.

२९ मार्च

दुकानातून पिशवीतला चुना आणला, वाळू घालून कालवला, थापला. परवा लावला, आज हात ठेवला तर पिठासारखा हाताला आला. खाली ढीग. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "आम्ही तो झाडांच्या बुंध्याला लावायला विकतो, तुम्ही भिंतीला लावलात?"

नाकी नऊ आले. दिवसा ठेकेदाराचं बांधायचं, संध्याकाळी स्वतःचं पाडायचं.

३० मार्च

आज तर काकूंनी कळसच केला. हॉटेलवाला आला होता, सुटाबुटात. मी सात नंबरमध्ये विटा झाडत होतो, दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. काकूंनी त्याला ओल्या भिंतीला टेकलेल्या बाकावरच बसवलं. चहा दिला. आणि मग गळती टाकी, ओल, पडलेल्या खुंट्या, फुटलेली काच, सगळं सांगत बसल्या. भेगेचंही सांगितलं. "माझ्या लग्नात करंगळीएवढी होती, आता बघा." आता कुठे बघा? तेवढीच आहे! तो उठला तर पाठीवर हा एवढा पांढरा पट्टा. "कळवतो" म्हणाला आणि गेला, परत कळवेल असं वाटत नाही.

मी जाऊन म्हटलं, "काकू, तुम्हीच घराची अशी अब्रू काढलीत तर गावभर होईल. उद्या बँकेच्या कानावर गेलं म्हणजे?"

तर म्हणतात, "त्याचा कोट बघितलास?" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

वय झालं की माणसाला फायदा-तोटा कळत नाही. जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक हातचं घालवलं. माझं काय, माझं बरंच झालं, पण त्यांचं?

२ एप्रिल

वहिनींचा फोन. घरखर्चाचे मिळाले म्हणाल्या. मी विचारलं, दादा कुठेय? "घरीच." कामावर नाही गेला? "दोन महिने झाले घरीच असतात." मी म्हटलं, मजा आहे एका माणसाची. दिवसभर करतो काय?

"हौदापाशी बसतात."

"मग त्याला भांडी घासायला बसवा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घासतात हो. हल्ली न सांगता घासतात. आणि भावजी, तुमचा फोन वाजला ना, की तेच आधी उठतात."

उठतो तर उचलत का नाही? हे कोडं मला आयुष्यात उलगडणार नाही. मग त्यांनी विचारलं भिंतीचं काय झालं. मी म्हटलं, चाललंय.

३ एप्रिल

लिहायला लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय. आज सात नंबरमध्ये कोणी नव्हतं. भिंतीजवळ उकिडवा बसलो आणि खालच्या विटेला जीभ लावली.

खारट. समुद्राच्या पाण्यासारखी.

मान वर केली तर दारात काकू, हातात तांब्या.

"अरे, भूक लागली असेल तर सांगायचं ना," म्हणाल्या.

आता हे रनिंग रूमपर्यंत पोचलं म्हणजे मला गाव सोडावं लागेल.

५ एप्रिल

आज फोन केला. आधी वहिनींशी हवापाण्याचं बोललो, मग हळूच विचारलं, "वहिनी, हौदात किती चुना उरलाय?"

"आहे की. भरलेलाच आहे. का हो?"

"काही नाही. सहज."

फोन कोणीतरी ओढून घेतल्यासारखा आवाज झाला.

"चाटलीस?" दादा.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खारट?"

"हं."

"मग आधी धू. साध्या पाण्याने, चार-पाच दिवस, रोज. ब्रश मार, सुकू दे, परत मार. भिंत लांब किती?"

सांगितलं. उंची सांगितली. विटा कुठे फुटल्या विचारलं, तेही सांगितलं. सिमेंट काढताना फुटल्या म्हटल्यावर "शहाण्या" म्हणाला, पण लहानपणी सायकलवरून पडलो की म्हणायचा तसं. मग स्वतःशीच हिशोब करत होता. तीन हात लावावे लागतील, पातळ, मधे सुकायला दिवस द्यायचे, शेवटी निरू, म्हणजे गाळलेल्या चुन्याचा गुळगुळीत हात. पंचवीसपर्यंत होतं, आजपासून धुतली तर. चार पिंपं माल पुरेल.

"मग कसा लावायचा सांग," मी म्हटलं, "मी लिहून घेतो."

"लिहून चुना लागत नाही."

"फोनवर सांग, मी लावत जातो. तू ऐक."

"फोनवर काय ऐकू? हाताला किती ओढतो ते ऐकू येतं का?"

"मग?"

"मग काय."

"मग काय म्हणजे काय?"

"मग काय म्हणजे मग काय!"

दोघंही ओरडायला लागलो. हे आमचं नेहमीचं. मी आता फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात वहिनींनी घेतला. इतक्या जोरात त्या मला कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भावजी, तिकिटाचं विचारा ना! कोणीतरी कोणालातरी विचारा!"

मागे दादा म्हणत होता, मी कुठे म्हटलं, मी काही म्हटलं नाही. मग जरा वेळाने, "आणि हौदाला पाणी कोण घालणार?"

वहिनी म्हणाल्या, "मी घालीन. इतकी वर्षं कोण घालत होतं, तुम्ही कामावर असताना?"

हे मला माहीत नव्हतं. दादालाही माहीत नसावं, कारण तो एकदम पिंपं कशी न्यायची तेच बोलायला लागला.

६ एप्रिल

काकूंना सांगितलं, भाऊ येतोय, चार पिंपं घेऊन. त्या लगेच कामाला लागल्या. कुठलं लांबलचक गाडीचं वेळापत्रक तोंडपाठ आहे त्यांना. पिंपं गार्डच्या डब्यात टाकायची, माणसाने त्याच गाडीने यायचं, वजन आपल्यासमोर करून घ्यायचं, झाकणाखाली ओलं फडकं आणि वरून दोरी. "मधे गाडी बदलते तिथे उतरून बघायला सांग पिंपं चढली का. आमच्या यांनी एकदा अख्खं लग्नाचं सामान भलत्या गावी पाठवलं होतं." मी म्हटलं, कोणाच्या लग्नाचं? "आमच्याच."

मग म्हणाल्या, भाऊ उतरणार कुठे? मी म्हटलं, रनिंग रूमवर एक जण सुट्टीवर आहे, त्याच्या खाटेवर. तर इतक्या रागावल्या. "सात नंबर काय ओस पडलंय? दोन खोल्यांतली एक कोरडी आहे ना?"

अजून घर माझं नाही, बँकेचं नाही, आणि पाहुणा आधी.

आता घोडं अडलंय ते पैशाशी. हे सगळं माझ्या एका आण्यातून जाणार. तेवढे कमी पडले तर पंचवीस तारखेला भिंत पास आणि मी नापास. कर्जवाल्या बाईला विचारलं तर म्हणाली, भरायची रक्कम भरायची रक्कम असते. काकूंना म्हटलं तर म्हणाल्या, "तेवढे मला मागाहून दे. कंदिलाची काच मात्र आधी बसवून दे." मुकादमाला रविवारचं काम मागितलंय, रविवारीही भिंत, म्हणजे रविवार दोन लागतील.

७ एप्रिल

भिंत तिसऱ्यांदा धुतली. खरखरीत झालीय, अंगावर काही नाही तिच्या, उघड्याने उभी आहे. भोंगा झाला तेव्हा उजेड होता. पाणी मारल्यावर विटा लाल होतात आणि मग बघता बघता वरून फिक्या पडत खाली येतात. आधी कधी बघितलं नव्हतं. मी लावायचो आणि निघायचो.

दादाचा फोन. स्वतःहून. म्हणे, वाळू कुठली मिळते तिकडे, नदीची की खाणीतली, चिमूटभर मुठीत घेऊन कानाशी दाब आणि सांग कशी वाजते. वाजते कशी म्हणजे? वाळूसारखी वाजते! त्यावर म्हणाला, आल्यावर बघतो.

आल्यावर याला एकेक गोष्ट माझ्यासमोर चुकीची निघणार आहे. थापी धरली तर थापी, उभा राहिलो तर पाय. सगळं मला माहीत आहे. आणि वर सांगतो, चार पिंपं काढली की हौद जरा रिकामा होईल, तर येताना वाटेत चुनकळी कुठे मिळते बघून ठेवतो, परत भरायला. म्हणजे खोली नाहीच! इतकी वर्षं भांडून मी हौद बुजवायला निघालो आणि आता तो भरायला पैसे मीच देणार. हात टेकले.

वहिनींना विचारलं परतीचं कधीचं काढू. त्या म्हणाल्या, "सध्या एकच काढा, भावजी." मी कारण विचारलं नाही. भिंतीचा काय भरवसा, पंचवीसच्या पुढेही लांबेल.

आणि तो वाटेत काही खाणार नाही. मला ठाऊक आहे. पिंपांवर नजर ठेवून बसेल आणि पोहोचल्यावर म्हणेल भूक नव्हती. म्हणून खायचे पैसे वेगळे धरले, आणि वहिनींना सांगितलं की गाडीत बसायच्या आधी त्याच्या खिशात तुम्ही स्वतः घाला, हातात देऊ नका.

घरखर्चाचे सहा हजार. दादाचं तिकीट, जायचं, अठराशे पन्नास. चार पिंपं सोळाशे. त्यांचं गाडीभाडं बावीसशे पन्नास. घरापासून स्टेशनपर्यंत टेम्पो पाचशे. वाटेत खायला तीनशे.

आज पाठवतोय: साडेबारा हजार.